घारापुरीवरचा कार्यक्रम कोणी ठरवायचा? (बेटावर राहणाऱ्यांनी नक्की लिहा)

उलवेकरीण

नमस्कार मंडळी,

आमच्या उलवे-सीवूड्सच्या ग्रुपचं यंदा थंडीत घारापुरीवर (एलिफंटा लेण्यांचं बेट) एक दिवसाचा सांस्कृतिक कार्यक्रम करायचं चाललंय. ग्रुप म्हणजे आम्ही वीसेक जण, काही आर्किटेक्ट, काही शिक्षक, दोन-तीन खूप चांगले चित्रकार, सगळे मनापासून काम करणारे. आत्तापर्यंत जे ठरलंय ते असं की धक्क्याजवळ छोटं स्टेज, त्यावर शास्त्रीय नृत्य आणि बासरी, शेतबंदरच्या घरांच्या भिंतींवर मोठी चित्रं आणि दुपारी लेण्यांचा हेरिटेज वॉक.

ऐकायला छान आहे, पण इतक्या मीटिंगा झाल्या आणि त्यात बेटावर राहणारं एकही माणूस नव्हतं. मी विचारलं की ज्यांच्या भिंती रंगवायच्या त्यांना कुणी विचारलंय का, तर उत्तर आलं की त्यांना आवडेलच, फुकट रंगवून मिळतंय. मला ते काही पटेना. बेटावर शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत, ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, हजार-बाराशे माणसं राहतात, आणि आपण त्यांच्या अंगणात जाऊन काय करायचं ते सीवूड्सच्या एका हॉलमध्ये बसून ठरवतोय.

तर प्रश्न असा, की अशा छोट्या बेटावर काही सांस्कृतिक करायचं तर सुरुवात कुठून करतात? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

मोरा_उरण

ताई चांगला विषय काढलात. घारापुरी उरण तालुक्यात येतं हेच आधी बऱ्याच जणांना माहीत नसतं, सगळ्यांना वाटतं ते मुंबईचं कारण लाँच गेटवेवरून सुटते. तिकडून तासभर लागतो आणि आमच्या न्हाव्यावरून बेट समोर दिसतं. बेटावरचा माणूस दाखल्याला, कोर्टाला, तहसीलला उरणलाच येतो.

आणि सांस्कृतिक कार्यक्रम म्हणाल तर एक पूर्वीपासून चालू आहे. महाशिवरात्रीला बघा, उरण पनवेलच्या गावागावातून माणसं लाँच भरभरून जातात, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, डबे बांधून, कुणी निमंत्रणपत्रिका छापत नाही. तिथे स्टेज नसतं. तुम्ही तो दिवस बेटावर काढा आधी.

पारसिक_वारा

थोडं वेगळं मत मांडतो. १९८७ साली लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. सहाव्या शतकाच्या आसपासचं काम, ती सदाशिवाची वीसेक फुटी मूर्ती, असं जगात दुसरीकडे नाही. हा ठेवा फक्त तीन गावांचा नाही, सगळ्यांचा आहे. गावाला विचारा हे ठीक, पण गावाने ठरवायचं म्हटलं तर उद्या तिथे डीजे लागेल, बॅनर लागतील, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला टपऱ्या आहेत त्या अजून वाढतील. आधीच प्लास्टिकच्या बाटल्या आणि त्या हिसकावणारी माकडं याच्यापलीकडे चढताना काही दिसत नाही. मला वाटतं अशा जागी जाणकारांनीच ठरवावं.

शेतबंदरचा

मी बेटावरचाच. सध्या नोकरीमुळे जासईला राहतो, आईवडील, चुलते सगळे तिकडेच. वाचत होतो, वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. राग नाय, पण सांगायला पाहिजे.

तुम्ही बेट बघता ते सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी साडेपाच. शेवटची लाँच गेली की पर्यटक संपले, बाहेरच्या माणसाला रात्री राहायची परवानगी नाय. आमचं जे काय आहे ना, भजन, हळद, होळी, पोरांचं क्रिकेट, मंडळाची भांडणं, ते सगळं तुम्ही गेल्यावर चालू होतं, म्हणून ते कुणाच्या फोटोत नाय. फोटोत काय येतं तर धक्क्यावर नऊवारी नेसून डोक्यावर कळशा घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका, पैसे घेऊन फोटो देतात त्या. त्यातल्या एक माझ्या नात्यातल्या आहेत. त्यांना आमच्या हळदीची गाणी रात्रभर म्हणता येतात, पण आजवर एकाही पर्यटकाने किंवा कार्यक्रमवाल्याने त्यांना गायला सांगितलं नाय, उभं राहायला सांगितलं.

विजेचं सांगतो. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली. तोपर्यंत जनरेटर, संध्याकाळचे थोडे तास, बंद पडला की बंद. त्या काळात बेटावर मोठे कार्यक्रम झालेले मी लहान असताना पाहिलेत. वरती लाइट, माइक, खुर्च्या, पाहुणे येणार म्हणून आधी झाडलोट, ती गावातलीच माणसं करणार, आणि कार्यक्रम संपला की सामान बोटीत आणि आम्ही कंदील लावून जेवायला. आम्हाला पास लागायचा आमच्याच बेटावर. हे मी तक्रार म्हणून नाय सांगत, ताईंनी विचारलं सुरुवात कुठून करतात म्हणून सांगतोय. पासपासून करू नका.

आणि पारसिक भाऊ, टपऱ्यांचं म्हणता तर आमच्यात भात आणि मासे दोन्ही कमी झालेत, घर त्या टपरीवर चालतं. कचरा आम्हालाच बघत राहायला लागतो, तुम्ही साडेपाचला जाता. ग्रामपंचायत येणाऱ्या माणसाकडून छोटा पर्यटक कर घेते त्यातून जेवढं होतं तेवढं होतं. गावाने ठरवलं की डीजे लागेल हे तुम्ही कशावरून धरून चाललात ते मला नाय समजलं.

नौपाडा_ठाणे

शेतबंदरचा, फार महत्त्वाचं लिहिलंत. पासची गोष्ट वाचून वाईट वाटलं.

पारसिक_वारा

शेतबंदरचा, पासबद्दल माहीत नव्हतं, ते सरळ सरळ अन्यायाचं आहे. डीजेबद्दल मी आमच्या बाजूच्या नोडमधल्या (नवी मुंबईतल्या सिडकोच्या वसाहतीतल्या) मैदानांवरून बोललो, तुमच्या गावावरून नाही. पण जाणकार लागतातच या मतावर मी आहे.

कोपरखैरणे_सेक्टर१४

जाणकार आणि गावकरी एकत्र बसू शकतात याचं पाहिलेलं उदाहरण सांगते. कंपनीच्या कामासाठी जपानला होते तेव्हा सुट्टीत नाओशिमाला गेले होते. सेतो समुद्रातलं छोटं बेट, वस्ती तीनेक हजार, एका बाजूला जुना धातू गाळायचा कारखाना, आणि आता जगभरातून लोक कला बघायला येतात. मोठमोठी म्युझियम आहेत पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते गावातलं एक घर. काडोया नाव त्याचं, दोनेकशे वर्षं जुनं. १९९८ मध्ये तात्सुओ मियाजिमा या कलाकाराने ते घर घेतलं, आत अंधार, खाली पाणी भरलेलं आणि पाण्यात १२५ छोटे डिजिटल आकडे लुकलुकतात, १ ते ९ मोजत राहतात, प्रत्येकाचा वेग वेगळा. तर तो वेग कलाकाराने नाही ठरवला. गावातल्या १२५ जणांनी ठरवला, वयं ५ पासून ९५ पर्यंत. ज्याला हळू आवडतं त्याचा आकडा हळू, पोरांचे भराभर.

आता बघा कलाकार तर जाणकारच होता ना, पाणी कसं, दिवे कसे हे त्यानेच ठरवलं. पण गावातला माणूस पाहुण्याला घेऊन जातो आणि म्हणतो तो तिकडचा आकडा आमचा. मला हे शेतबंदरच्या भिंतींसाठी खूप विचार करण्यासारखं वाटतं. चित्र काढणारा बाहेरचा असू दे, पण त्यात काय असावं हे घरातल्या माणसाच्या हातात पाहिजे, आणि नको म्हणायचंही.

तिथे आणखी एक बेट आहे तेशिमा. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटापासून कुणीतरी औद्योगिक कचरा आणून टाकत होतं, बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं लढा दिला, २००० साली तडजोड झाली आणि कचरा हलवण्याचं काम २०१७ पर्यंत चाललं. आता तिथेही सुंदर म्युझियम आहे, २०१० मध्ये झालं, त्याच्या भोवतीची ओसाड पडलेली भातखाचरं गावकऱ्यांना सोबत घेऊन परत लावली. म्हणजे पारसिक दादांना जी प्लास्टिकची काळजी आहे ती तिथल्या लोकांना बाहेरच्यांपेक्षा जास्त होती, त्यांच्या बाजूने कुणी उभं राहायला हवं होतं इतकंच.

आणि ओगिजिमा म्हणून अजून छोटं बेट, तिथली शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली होती, कलामहोत्सवाच्या निमित्ताने येत राहिलेली काही कुटुंबं परत राहायला गेली आणि २०१४ मध्ये शाळा पुन्हा उघडली. हा महोत्सव दर तीन वर्षांनी होतो, मधल्या काळात स्वयंसेवक बेटांवर जात राहतात, गवत काढतात, सणाला हात लावतात, म्हणून ओळख टिकते. एका दिवसाच्या कार्यक्रमातून ते होणार नाही असं मला वाटतं उलवेकरीण, स्पष्ट लिहिते आहे.

उलवेकरीण

स्पष्टच लिहा, त्यासाठीच विचारलं. ते आकड्यांचं वाचून अंगावर काटा आला. भिंतींचा विषय उद्याच ग्रुपमध्ये काढते.

दप्तर_पनवेल

मी ग्रामपंचायतींच्या कामात बरीच वर्षं आहे, थोडी नियमाची माहिती देतो कारण उत्साहात हे राहून जातं.

पहिलं म्हणजे स्मारकाचं. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यात २०१० साली झालेली दुरुस्ती, त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, परवानगी लागते. जिथे जिथे अशा स्मारकाला लागून वस्ती असते तिथे घराची दुरुस्ती करायची तरी हा कायदा आडवा येतो. त्यामुळे भिंत रंगवायला आलेला पाहुणा बघून माणूस गप्प का बसतो हे समजून घ्या, त्याच्या डोक्यात वेगळं चाललेलं असतं.

दुसरं, १९५९ च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात सभा, समारंभ, करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. मान्य धार्मिक वहिवाट किंवा रूढी असेल तर तिला हा नियम लागत नाही. म्हणजे गंमत नाही, खरंच विचार करा, कायद्यानेसुद्धा तिथल्या लोकांच्या चालत आलेल्या रीतीला कार्यक्रमवाल्यांपेक्षा वरची जागा दिलीय.

तिसरं आणि मुख्य, ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते. बेटावर एवढी माणसं जमवणं अवघड नाही, सगळे चालत येतात. आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते हे कायद्यातच आहे, तिथे झालेल्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर उरकतात. उलवेकरीण ताई, तुम्ही तुमचा विषय तिथे न्या. सरपंचांना लेखी अर्ज द्या, अजेंड्यावर विषय घ्यायला सांगा. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून कळवलं असं समजू नका.

घणसोली_गावठाण

दप्तरसाहेबांनी सांगितलेलं बरोबर. आपल्याकडे नोडमध्ये मैदान सिडको आखणार, गार्डनला नाव कोण देणार, ओपन जिम कुठे लागणार ते दुसरंच कुणी ठरवणार, १९७० पासून हेच चालत आलंय, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि गावठाणातल्या माणसाला त्याच्याच पटांगणावर मांडव घालायला अर्ज करावा लागतो. घारापुरीला निदान ग्रामपंचायत शिल्लक आहे. ती आहे तोवर तिचा मान ठेवा एवढंच म्हणणं.

उरणची_सून

मला गाण्यांबद्दल लिहायचंय. शेतबंदरच्या दादांनी हळदीच्या गाण्यांचं लिहिलंय ना, तर आमच्या आगरी लग्नात धवले असतात. धवलारीण बाई लग्नाचा एकेक विधी धवला म्हणून पार पाडते, देवाला बोलावण्यापासून ते नवरीची पाठवणी होईपर्यंत सगळं, आणि हे कुठं लिहिलेलं नसतं, तोंडपाठ. माझ्या सासूबाईंच्या माहेरी ज्या धवलारीण होत्या त्यांच्या पाठी कुणी शिकलं नाही, आता त्या गावात लग्नाला बँजो लावतात. आमच्या घरातल्या पोरींना एकही धवला पूर्ण येत नाही आणि मला याचं फार वाईट वाटतं, रोज वाटतं असं नाही पण लग्नसराई आली की वाटतं.

म्हणून सांगते, स्टेजवर बाहेरून बासरी न्यायच्या आधी बेटावर कुणाला धवले येतात ते विचारा. पण त्यांना स्टेजवर उभं करून दोन मिनिटं म्हणा असंही करू नका. धवला दोन मिनिटांचा नसतो, त्याला समोर नवरी लागते, चूल लागते, बायकांचा गराडा लागतो. बेटावर एखादं लग्न असेल आणि घरच्यांनी हो म्हटलं तर तिथे बसून नीट रेकॉर्ड करा, आणि ते रेकॉर्डिंग बेटावरच्या शाळेत राहू दे, आधी तिथे, मग बाकी कुठे.

दिवाळे गावचं सांगू का, बेलापूरचं. तिथले कोळी लोक दिवाळीत बहिरीदेवाला समुद्रातून काढून आणतात, घारापुरीच्या बाजूच्या पाण्यातून, वर्षभर देव पाण्यातच असतो, गावात आणून पूजा, जत्रा, आणि परत समुद्रात. शेजारी पामबीच रोडवरून गाड्या जातात आणि टॉवरमधल्या लोकांना पत्ता नसतो. याला कुणी सांस्कृतिक कार्यक्रम म्हणत नाही, पण सगळं गाव त्यात असतं, वर्गणीपासून बोटीच्या डिझेलपर्यंत.

नौपाडा_ठाणे

उरणची सून, धवल्यांचं रेकॉर्डिंग हा सगळ्यात चांगला मुद्दा आला या धाग्यात.

माझा अनुभव स्वागतयात्रेचा. डोंबिवलीला १९९९ मध्ये गुढीपाडव्याची यात्रा सुरू झाली, मग आमच्या ठाण्यात कोपिनेश्वरच्या देवळातून निघायला लागली. मी चित्ररथाच्या कामात असायचो. यात्रा ज्या सकाळी निघते ती फक्त दिसणारी बाजू, खरं काम महिनाभर आधीच्या बैठकांत, कुठली सोसायटी काय आणणार, कुठल्या शाळेची मुलं लेझीम, कुणाचा ढोल, पाणी कोण देणार. ज्या संस्थेला बैठकीत खुर्ची मिळते ती यात्रेत शंभर माणसं आणते. नुसती पत्रिका ज्यांना जाते ते गॅलरीतून बघतात. घारापुरीचंही असंच होईल, ज्यांना उशिरा सांगाल ते धक्क्यावर उभे राहून बघतील.

ऐरोलीकर_भटक्या

जपानचं झालं म्हणून स्कॉटलंडचं एक थोडक्यात. एग नावाचं बेट आहे, आधी अख्खं बेट एका मालकाचं असायचं. १९९७ मध्ये रहिवाशांनी देणग्या जमवून, स्थानिक प्रशासन आणि एका निसर्गसंस्थेला सोबत घेऊन ट्रस्टमार्फत ते विकत घेतलं. तेव्हा साठ-पासष्ट माणसं होती, आता शंभरच्या वर. शेतबंदरच्या दादांनी विजेचं लिहिलं म्हणून आठवलं, तिथेही २००८ पर्यंत घरोघरी जनरेटर. मग पाणी, वारा, सूर्य मिळून स्वतःची वीज उभी केली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की एका घराने एका वेळी ५ किलोवॅटच्या वर घ्यायची नाही, धंद्याला १०. बंदरावर दुकान, चहाची जागा एकत्र आहे, बोट आली की सगळं बेट तिथे भेटतं.

घारापुरीला अशी एक जागा आहे का, जिथे पर्यटक नाही तर गाव भेटतं?

शेतबंदरचा

भटक्या भाऊ, चांगला प्रश्न. आहेत तशा, देवळासमोर, शाळेचं पटांगण. पण धक्का म्हणाल तर दिवसा तो आमचा राहत नाय, पायऱ्याही नाय. राजबंदर मोराबंदरकडे पर्यटक फारसा फिरकत नाय, तिकडे शांत असतं पण तिकडे कुणी काही करतही नाय, सगळा खर्च धक्का ते लेणी एवढ्याच पट्ट्यात.

मला एक सुचतंय. सोमवारी लेणी बंद असतात. सोमवार हा बेटाचा स्वतःचा दिवस, बायकांना टपरीचं काम कमी, धक्का मोकळा. ताई तुमचा कार्यक्रम सोमवारी करा. शनिवार-रविवारी केलात तर आमची माणसं धंद्यावर असणार, ती येणार कशी? आणि स्टेज करायचंच तर राजबंदरला करा, तिन्ही गावं चालत येतील.

पारसिक_वारा

सोमवारची सूचना मला पूर्ण पटली. लेण्यांवर गर्दीचा ताणही नाही. मी शिल्पांवर बोलू शकतो, पण आता वाटतंय पर्यटकांसाठी वॉक करण्यापेक्षा शाळेतल्या मुलांना सोमवार सोडून एखाद्या सकाळी पहिली लाँच यायच्या आधी लेणी दाखवावी, वेळेची परवानगी घेऊन. आपल्या घरामागे काय आहे ते त्यांनी उद्या पाहुण्याला सांगावं, टपरीपेक्षा बरा रोजगार होईल. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिकडे कुणी नेत नाही. मुलं नेतील.

मोरा_उरण

आणि टेकडीवरच्या जुन्या तोफांकडे पण.

उरणची_सून

पोरींना पण न्या बरं का वॉकला, नाहीतर पोरगेच गाइड होतात आणि पोरी कळशा घेऊन उभ्या.

कोपरखैरणे_सेक्टर१४

उरणची सून +१००. हे आधीच ठरवून ठेवा.

उलवेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रुपची बैठक झाली, थोडी खडाजंगी झाली, दोन जणांना वाटतं आपण विनाकारण लांबवतोय. पण ठरलं ते सांगते. भिंतींचं काम सध्या थांबवलंय. थंडीतली तारीखही सोडली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी सरपंचांना लेखी अर्ज देतोय, त्यात "कार्यक्रम करू द्या" असं नाही, "गावाला काय हवंय ते सांगा, आमच्याकडे चित्रकार, शिक्षक, रेकॉर्डिंगचं सामान आहे" असं लिहिलंय. दप्तरसाहेब, मसुदा तुम्हाला मेसेजमध्ये पाठवलाय, एकदा नजर घाला.

शेतबंदरचा, महिलांच्या सभेला आमच्यातल्या दोघी नुसतं ऐकायला आलेल्या चालतील का? न्हाव्यावरून येऊ.

शेतबंदरचा

आईला विचारलं. म्हणाली येऊ दे, पण सभा संपल्यावर लगेच लाँच पकडून पळू नका, जेवून जा. बायकांमध्ये दोन विषय आधीच चाललेत, एक धक्क्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह संध्याकाळनंतरही उघडं राहावं आणि दुसरा शाळेच्या पटांगणात दिवा. गाण्याचा विषय तिसरा घ्या, पहिले दोन ऐकून मग. अर्जावर तिन्ही गावांची नावं घाला, नुसतं शेतबंदर लिहू नका, राजबंदरवाले लगेच विचारतील.

दप्तर_पनवेल

मसुदा पाहिला. "सहकार्य करावे" काढून टाका, "विषय चर्चेस घ्यावा" लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.